मुंग्या गेल्या, चौकोन आले

सोलापूरच्या पूर्व भागात केबल चालवायची म्हणजे चार भाषा सांभाळायच्या. कन्ना चौक, साखर पेठ, भद्रावती पेठ, दत्तनगर या बाजूला यंत्रमागावर आणि विड्यांवर चालणारी पद्मशाली घरं. त्यांना तेलुगू पाहिजे. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला कन्नड बोलणारे, त्यांना उदया नसेल तर ते महिन्याचे पैसे देताना तोंड वाकडं करणार. मराठी घरांना मराठी मालिका, आणि हिंदी सिनेमा सगळ्यांनाच. ह्यांनी नव्वदीच्या दशकात दोन छत्र्या बसवून केबल सुरू केली तेव्हापासून हे गणित असंच होतं. वसुलीचं रजिस्टर माझ्याकडे होतं. त्यामुळे कुठल्या घरात काय बघतात आणि कोण किती थकवतं, हे ह्यांच्यापेक्षा मला जास्त ठाऊक.

आमची कंट्रोल रूम माडीवर होती. अॅनालॉग म्हणजे केबलची जुनी पद्धत, तिच्यात प्रत्येक वाहिनीला एक रिसिव्हर आणि तिला तारेत तिच्या जागी बसवणारा एक मॉड्युलेटर लागतो. पैसेवाल्या वाहिन्यांचे डिकोडर वेगळे, त्यात त्या त्या कंपनीचं कार्ड. असे साठ-सत्तर डबे रॅकवर एकावर एक, पंखा चोवीस तास चालू. उन्हाळ्यात त्या खोलीत पाच मिनिटं उभं राहिलं तरी पदर ओला व्हायचा. पण त्या खोलीत सत्ता होती. कुठली वाहिनी कितव्या नंबरवर हे ह्यांच्या हातातल्या स्क्रू-ड्रायव्हरवर ठरायचं. जुन्या टीव्हीला वरचे बँड नीट पकडता येत नसत, तिथल्या वाहिन्यांना नुसत्या मुंग्या. म्हणून खालचे नंबर सोन्याचे. वाहिनीवाले मोठ्या नेटवर्कना त्या जागेसाठी पैसे मोजायचे, त्याला कॅरेज फी म्हणत. आमच्यापर्यंत त्यातलं फारसं काही झिरपत नसे, पण मान मिळायचा. दूरदर्शनच्या वाहिन्या कायद्यानेच दाखवाव्या लागत, त्या पहिल्या नंबरांवर. मग तेलुगू, मग मराठी, मग उरलेलं. एखाद्या अक्काने जिन्याखालून हाक मारली, की जेमिनीला, म्हणजे तेलुगू वाहिनीला, आज सावल्या येतायत, की अर्ध्या तासात ती वाहिनी दुसऱ्या जागी सरकलेली असायची.

डिजिटलची बातमी आम्हाला पहिल्यांदा कळली ती मुंबईच्या धंद्यातल्या लोकांकडून. २०११ मध्ये केबल कायद्यात दुरुस्ती झाली आणि सगळ्या देशातली केबल अॅनालॉगची डिजिटल करायचे चार टप्पे ठरले. पहिल्या टप्प्यात मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई. त्याची तारीख ३० जून २०१२ होती, ती पुढे ३१ ऑक्टोबरपर्यंत गेली. दुसऱ्या टप्प्यात ३८ शहरं, त्यातली नऊ महाराष्ट्रातली: पुणे, पिंपरी-चिंचवड, नागपूर, नाशिक, औरंगाबाद, ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली आणि आमचं सोलापूर. तारीख ३१ मार्च २०१३. ही यादी दहा लाखांवरच्या शहरांची असं सगळे म्हणायचे. जनगणनेत सोलापूर साडेनऊ लाखांचं होतं. पण मोठ्या शहरांच्या यादीत नाव आल्यावर तक्रार कोण करणार?

सरकारचं कारण सरळ होतं, आणि खरं सांगायचं तर ते खोटं नव्हतं. अॅनालॉगमध्ये तार ज्याच्या घरात गेली त्याला सगळं दिसतं. वरून कोणालाच कळत नाही की खाली किती घरं आहेत. वाहिन्यांना आणि मोठ्या नेटवर्कला पैसे द्यायचे ते केबलवाल्याने सांगितलेल्या आकड्यावर. हा आकडा देशभरातले केबलवाले कमीच सांगायचे. वाहिनीवाल्यांनाही ते माहीत होतं, म्हणून तेही दर वाढवून मागायचे, आणि मग दोन्ही बाजू घासाघीस करून मधे कुठेतरी थांबायच्या. महापालिका हद्दीत दर कनेक्शनला महिन्याला ४५ रुपये करमणूक कर होता, तोही त्याच आकड्यावर. धंदा म्हणून हे सगळ्यांना सोयीचं होतं, सरकारी तिजोरी सोडून. डिजिटलमध्ये सिग्नल कुलूपबंद. प्रत्येक घरात बॉक्स, बॉक्समध्ये कार्ड, कार्डाला नंबर. तो नंबर वरच्या कॉम्प्युटरवर चालू केल्याशिवाय पडद्यावर काही येत नाही. म्हणजे घर मोजलं गेलं.

दुसरं कारण तांत्रिक. अॅनालॉगची एक वाहिनी तारेत जेवढी जागा खाते तेवढ्यात डिजिटलच्या दहा-पंधरा सहज बसतात. आमची लाईन साठ-सत्तर वाहिन्यांवर दमायची, तीच आता दोनशेच्या पुढे जाणार होती. हे मात्र ह्यांना मनापासून आवडलं होतं. माणूस मुळात रेडिओ दुरुस्तीतला. रात्री जेवताना मला चित्र काढून समजवायचे.

पण स्वतःचं डिजिटल हेडएंड, म्हणजे वाहिन्या उतरवून तारेत सोडायचं केंद्र, उभारणं आमच्यासारख्यांच्या ऐपतीबाहेरचं. म्हणून कोणत्या तरी मोठ्या कंपनीच्या, म्हणजे एमएसओच्या, खाली जायचं. २०१२ च्या दिवाळीनंतर शहरातल्या केबलवाल्यांच्या बैठका सुरू झाल्या. कंपन्यांची माणसं यायची, चहा-नाश्ता व्हायचा, इंग्रजीतला करार पुढे यायचा. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, वाटणी ठरवून दिली होती: आपसात दुसरं काही ठरलं नाही तर फुकट वाहिन्यांच्या मूळ पॅकमधले ५५ टक्के कंपनीला आणि ४५ आपल्याला, पैसेवाल्या वाहिन्यांचे ६५ त्यांना आणि ३५ आपल्याला. त्या मूळ पॅकचा दर १०० वाहिन्यांना १०० रुपये. ह्यांच्या शेजारी बसलेला एक जुना केबलवाला एवढंच म्हणाला, "तारा आमच्या, खांबावर चढणार आम्ही, शिव्या खाणार आम्ही, आन् टक्के यांचे काय ओ?" त्यावर कंपनीच्या माणसाने पुढची स्लाईड लावली.

आम्ही एक कंपनी निवडली. तिचं नाव लिहीत नाही, कारण दुसरी निवडली असती तरी पुढचं सगळं असंच घडलं असतं असं मला वाटतं.

इथून माझं काम सुरू झालं. प्रत्येक ग्राहकाचा अर्ज भरायचा: नाव, पत्ता, फोटो, ओळखपत्र, सही, पॅक कुठला. पाठीवर पिशवी आणि हातात पॅड घेऊन मी गल्ल्या पालथ्या घातल्या. पहिला प्रश्न सगळीकडे तोच. "टीव्ही बघायला फोटो कशाला ओ वहिनी? रेशन देणार काय?" आधारकार्ड तेव्हा निम्म्या घरात आलेलं नव्हतं. मग बायकांनी विडी कामगाराचं ओळखपत्र काढून दिलं, ते चाललं. अंगणात सुपात तंबाखू-पानं घेऊन बसलेल्या बाईला अर्ज वाचून दाखवायचा आणि तिने विडी वळता वळता हो-नाही सांगायचं, असे कितीतरी अर्ज मी भरले. अंगठ्यावर तंबाखू असायची, म्हणून काही अर्जांवर तपकिरी डाग पडले. कंपनीच्या ऑफिसातल्या मुलाने ते परत पाठवले. मी तेच पुन्हा त्याच्या टेबलावर ठेवले आणि म्हटलं, सोलापुरात शाई अशीच असते.

अर्जांमुळे माझं रजिस्टर किती अपुरं होतं ते दिसलं. एका जोडणीवरून वरच्या भाडेकरूला परस्पर तार दिलेली, मागच्या खोलीत दिराची चूल वेगळी झाल्यावर त्याच तारेला टेप मारून दुसरा टीव्ही जोडलेला. अॅनालॉगमध्ये हे खपून जायचं, चित्र जरा फिकं व्हायचं एवढंच. आता प्रत्येक टीव्हीला बॉक्स. त्यावरून दोन जावांमध्ये माझ्यासमोर भांडण झालं, बॉक्स कोणाच्या खोलीत ठेवायचा म्हणून. शेवटी सासूने तो स्वतःच्या खोलीत ठेवायला लावला.

आणि फुकट जोडण्या! त्यांचा हिशेब बाहेरच्या माणसाला कधी कळणार नाही. लाईनवर ठरावीक अंतराने अॅम्प्लिफायर लागतो, त्याला वीज लागते, ती कोणाच्या तरी घरातून घ्यायची आणि त्या घराला केबल फुकट द्यायची. खांबावर तार बांधू देणाऱ्या वायरमनला फुकट. चौकीत फुकट, देवळाच्या पुजाऱ्याला फुकट, नगरसेवकाला तर विचारायलाच नको. अॅनालॉगमध्ये फुकट जोडणीला आमचा काही खर्च नव्हता. डिजिटलमध्ये त्या प्रत्येक बॉक्सचे पैसे दर महिन्याला आमच्या खिशातून कंपनीला जाणार होते. अॅम्प्लिफायरवाल्या घरांना आम्ही फुकटच ठेवलं, तो न्यायाचा सौदा होता. बाकीच्यांकडे ह्यांनी मला पाठवलं, बाईमाणसाला कोणी फार बोलत नाही म्हणून. बोलायचं ते बोललेच.

बॉक्सची किंमत हजाराच्या आसपास पडत होती. आठवड्याच्या पगारावर चालणाऱ्या घरात हजार रुपये एकदम निघत नाहीत. आम्ही हप्ते बांधून दिले, म्हणजे कंपनीला आगाऊ आम्ही भरले आणि वसूल करत बसलो. बॉक्स यायचे तेही थोडे थोडे. एकदा आले की दोन दिवसांत संपायचे, मग पुन्हा वाट बघा. काही घरांना घाई नव्हतीच. दहावीचा मुलगा असलेल्या एका आईने मला बाजूला घेऊन सांगितलं, "पेपर संपेपर्यंत आमचा बॉक्स आलाच नाही म्हणा की." मी तसंच सांगितलं. तो मुलगा रोज दुकानावर येऊन विचारायचा.

लाईनचं काम ह्यांनी आणि आमच्या लाईनमनने केलं, आणि त्यात खरा घाम गेला. अॅनालॉगमध्ये लाईन किती खराब आहे ते हळूहळू कळतं. पिन सैल झाली की सावली येते, सांध्यात पाणी गेलं की मुंग्या वाढतात, पण चेहरे दिसतात, आवाज येतो. माणसं तसं बघत राहतात, वर्षानुवर्षं. डिजिटल अर्धवट दिसत नाही. सिग्नल एका पातळीपर्यंत घसरला तरी चित्र आरशासारखं, त्याच्या किंचित खाली गेला की पडद्यावर चौकोन चौकोन, आवाज तुटतो आणि मग काळं. म्हणजे आमच्या वीस वर्षांच्या जोडकामातलं जे जे लपलं होतं ते एका महिन्यात उघडं पडलं. हाताने पिळून टेप मारलेले सांधे, कौलावर उन्हाने तडकलेल्या तारा, घराकडे फाटा काढायचे गंजलेले टॅप. निम्मी जुनी तार काढून आरजी-६ जातीची नवी तार टाकली. घराघरातली पिन बदलली. लाईनमन मीटर घेऊन माळ्यावर चढायचा आणि वरून डीबी, म्हणजे सिग्नलच्या जोराचा आकडा, ओरडून सांगायचा, खाली मी लिहून घ्यायची.

घरात गेल्यावर वेगळाच घोळ. बॉक्समधून पिवळी, लाल आणि पांढरी अशा तीन पिना निघतात. त्या लावायला टीव्हीला तशी भोकं पाहिजेत. आमच्याकडे कितीतरी घरांत चौदा इंची जुने टीव्ही, त्यांना फक्त अँटेनाची जागा. अशा टीव्हीला आणखी एक छोटा मॉड्युलेटर घ्यावा लागे. गंमत अशी की डिजिटल सिग्नल बॉक्सपर्यंत यायचा, तिथे त्याचं पुन्हा अॅनालॉग करायचं आणि मग तो टीव्हीत जायचा. तरी चित्र पूर्वीपेक्षा स्वच्छ, हे मान्य करायला हवं. एका आजोबांनी बातम्या सांगणाऱ्या मुलीच्या कानातलं पहिल्यांदा पाहिलं म्हणून मला बोलावून दाखवलं. त्रास झाला तो रिमोटचा. एका रिमोटने टीव्ही चालू, दुसऱ्याने बॉक्स. घरातलं कोणीतरी चुकून टीव्हीचा नंबर बदलायचं आणि पडदा निळा. मग फोन: "केबल गेली." पूर्वी पाच म्हणजे जेमिनी, सहा म्हणजे ईटीव्ही हे ज्यांच्या बोटांना पाठ होतं त्यांना आता तीन आकडी नंबर. मी तेलुगू अंकात चिठ्ठ्या लिहून घेतल्या शेजारच्या मुलीकडून आणि बॉक्सवर चिकटवल्या.

३१ मार्चला रविवार होता. रात्री बारा वाजता शहर अंधारात जाईल अशा बातम्या छापून आल्या होत्या. तसं काही झालं नाही. आमच्याकडे तरी वाहिन्या एकेक करून गेल्या, जुन्या डिकोडरची कार्डं कंपन्या बंद करत गेल्या तसतशा. तीन एप्रिलला आयपीएल सुरू झालं आणि तोपर्यंत ढिम्म बसलेली सगळी घरं एकदम दुकानावर आली. त्या आठवड्यात मी आयुष्यात ऐकल्या नसतील एवढ्या शिव्या तीन भाषांत ऐकल्या. कार्ड चालू करायला वरून आदेश यावा लागतो, तो येईपर्यंत बॉक्स चालू ठेवून बसायचं. लोक दहा मिनिटांनी बंद करायचे आणि पुन्हा फोन करायचे. कंपनीचा मदतीचा फोन लागायचा तेव्हा पलीकडचा माणूस हिंदीत बोलायचा, आणि अलीकडे आमची अक्का तेलुगूत.

मला सगळ्यात राग आला तो पॅकचा. कंपनीने महाराष्ट्रासाठी जे पॅक केलं होतं त्यात मराठी आणि हिंदी वाहिन्या होत्या. तेलुगू आणि कन्नड हे "इतर राज्यांचं", त्याला वरचे पैसे. ज्यांच्या तीन-चार पिढ्या सोलापुरात गेल्या त्यांना त्यांची भाषा बाहेरची म्हणून विकायची, आणि विकायला आम्ही जायचं. ह्यांनी ऑफिसात जाऊन नकाशा काढून समजावलं, की कर्नाटकची हद्द इथून तासाभरावर आहे, आमच्या निम्म्या ग्राहकांना हेच पाहिजे. ते म्हणाले, "सिस्टीममध्ये तसं पॅक नाही." स्क्रू-ड्रायव्हरच्या जमान्यात हे वाक्य आमच्याकडे नव्हतं. सहा-सात महिने लोकांनी जास्तीचे पैसे भरले, काहींनी आमच्याशी अबोला धरला, तेव्हा कुठे दक्षिणेचं एक स्वस्त पॅक निघालं.

आमची लोकल वाहिनीही त्यातच गेली. लग्नाच्या शुभेच्छा, हरवलेल्या मुलाचा फोटो, साडीच्या दुकानाची जाहिरात, आणि वर्षातून दोनदा मोठं काम: जानेवारीत सिद्धेश्वरांची यात्रा आणि नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथोत्सव, थेट. कॅमेरा माझ्या भाच्याच्या खांद्यावर, तार गच्चीवरून गच्चीवर. रथ कन्ना चौकात आला की घरात बसलेल्या म्हाताऱ्या टीव्हीला हात जोडायच्या. डिजिटलमध्ये ही वाहिनी कंपनीच्या हेडएंडमधूनच जायला हवी, आणि त्या जागेचं भाडं आमच्या जाहिरातींच्या कमाईपेक्षा जास्त. पहिल्या वर्षी रथोत्सव दिसला नाही म्हणून आलेल्या तक्रारींना मी उत्तर देऊ शकले नाही. पुढे चार केबलवाल्यांनी मिळून भाडं भरलं आणि रथ परत पडद्यावर आला, पण साडीच्या दुकानाच्या जाहिराती जास्त, रथ कमी.

पैशाचं बोलायचं तर पहिल्या दोन वर्षांत आमच्या हातात येणारी रक्कम बरीच खाली आली. घरं तेवढीच, महिन्याचा दर थोडा वाढलेला, पण वाटा, कर, फुकट जोडण्या, बुडालेले हप्ते. दुसरा लाईनमन आम्हाला सोडावा लागला. काही घरं डीटीएचकडे गेली. विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतल्या नातेवाइकांकडे बघून काहींनी दूरदर्शनची फुकट छत्री लावली, जी २००४ पासून होतीच. तिला महिन्याचे पैसे नाहीत, मग आमच्याशी स्पर्धा कसली? तरीही मी असं म्हणणार नाही की डिजिटल यायला नको होतं. मोजणी खरी झाली हे बरंच झालं. फक्त खरी मोजणी सुरू झाली तेव्हा तिचा खर्च खालच्या टोकाला बसला, आणि आकडा ज्यांच्या कॉम्प्युटरवर दिसत होता त्यांनी पॅक ठरवताना खालच्या टोकाला विचारलं नाही.

२०१९ च्या फेब्रुवारीत ट्रायचे नवे दर लागू झाले आणि मी पुन्हा पिशवी घेऊन निघाले. तेव्हा १०० वाहिन्यांच्या जागेचे १३० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे, आणि पैसेवाली वाहिनी आपापली निवडायची. गठ्ठ्यात घालायच्या वाहिनीची किंमत १९ रुपयांच्या वर नको, त्यामुळे बऱ्याच लोकप्रिय वाहिन्या बरोबर १९ वर जाऊन बसल्या. अर्ज किचकट होता, लोक वैतागले, बिलं वाढली. पण आमच्या पूर्व भागात एक गोष्ट झाली. तेलुगू घरांनी तेलुगूवर खुणा केल्या, कन्नड घरांनी कन्नडवर, आणि क्रीडा वाहिन्या बायकांनी सरळ कापल्या. "आयपीएल आलं की बघू" म्हणाल्या.

आता तीच लाईन इंटरनेटसाठी जास्त वापरतात. फायबर आमच्या लाईनमननेच ओढली. केबल सोडणारे बॉक्स घेऊन दुकानावर येतात आणि भरलेले हजार रुपये परत मागतात. कंपनी म्हणते बॉक्स आमचा आहे, परत द्या. ग्राहक म्हणतो मी विकत घेतलाय. एका कंपनीचा बॉक्स दुसऱ्या कंपनीच्या तारेवर चालत नाही, त्यामुळे तो कोणाचाही असला तरी कोणाच्या कामाचा नाही. मागच्याच आठवड्यात एक जण भांडायला आला तेव्हा मी कपाटातून त्याच्या आईचा २०१३ चा अर्ज काढून दाखवला. कोपऱ्यात बारीक इंग्रजीत बॉक्सच्या योजनेचे तीन चौकोन होते, विकत, हप्त्याने आणि भाड्याने. तिच्या अर्जावर एकाही चौकोनात खूण नव्हती. त्याने अर्जाचा फोटो काढला, बॉक्स काखेत मारला आणि कंपनीच्या ऑफिसचा पत्ता विचारून निघून गेला.